मायक्रोब्लेडिंग केलेल्या भुवयांना टचअपची वेळ झाली, हे कशावरून ठरवता?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षांपूर्वी ठाण्यात भुवयांचं मायक्रोब्लेडिंग (बारीक ब्लेडने केसांसारख्या रेघा काढून त्यांत रंग भरणं) करून घेतलं. त्यानंतर दीड महिन्याने एक टचअप झाला, तेवढाच. परवा पार्लरमधून व्हॉट्सॲपवर निरोप आला की तुमचा वार्षिक टचअप राहिलाय, या महिन्यात आलात तर सवलत मिळेल.

आरशात पाहिलं तर नाकाकडची बाजू अजून छान भरलेली आहे. कानाकडचं शेपूट मात्र पुसट झालंय, डावीकडे जास्त. रंगही पहिल्यासारखा तपकिरी राहिलेला नाही, उन्हात जरा तांबूस वाटतो. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दिसतायत की!"

तर खरंच गरज आहे की नाही हे कसं ठरवायचं? वर्ष उलटलं की करायचंच असतं का? तुळशीचं लग्न झालं की आठवड्याभरात आमच्याकडे भाच्याचं लग्न आहे, त्यामुळे करायचं तर आत्ताच ठरवायला हवं. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

अबोली

मी दर वर्षी करते आणि मला ते परवडतं. कारण साधं आहे. आमच्या पार्लरमध्ये दीड वर्षाच्या आत गेलं तर टचअपचा दर लागतो, त्यानंतर गेलं तर नव्या कामाचे पूर्ण पैसे. सगळं उडून जाईपर्यंत थांबण्यात काय हशील? थोडं पुसट दिसायला लागलं की जाऊन यायचं.

मुंबईकर मावशी

अबोली, पैशांचा हिशेब तुझा बरोबर आहे, पण कातडीचाही हिशेब असतो ना. दर वेळी त्याच जागी ब्लेडने बारीक चिरा पडतात. माझ्या जावेने सलग चार वर्षं केलं. आता तिथली कातडी ताठ आणि चकचकीत झालीय, रंग धरतच नाही. नवीन जागी गेली तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की आता यावर मायक्रोब्लेडिंग होणार नाही, झालंच तर मशीनने पावडर शेडिंग, म्हणजे बारीक ठिपक्यांनी हलका रंग भरणं.

सोनटक्का, त्या निरोपाला फार महत्त्व देऊ नकोस. असे निरोप तारीख बघून आपोआप जातात, तुझ्या भुवया बघून कोणी पाठवत नाही.

अबोली

मावशी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या आत्तापर्यंत तीनदा झाल्यात. पुढच्या खेपेला आधी कातडी तपासून घेईन.

रेखाटन

मी पुण्यात परमनंट मेकअपचंच काम करते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, टचअप दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला मूळ कामानंतर सहा ते आठ आठवड्यांनी होतो. तो कामाचाच भाग आहे. खपल्या निघताना काही रेघा रंग धरत नाहीत, त्या जागा तेव्हा भरतात. तो चुकवू नये. दुसरा म्हणजे रंग उतरल्यावर करायचा, ज्याबद्दल सोनटक्का विचारतायत. याला ठरलेली तारीख नसते. कोणाला वर्षात लागतो, कोणाला तीन वर्षांतही लागत नाही. तेलकट त्वचेवर रेघा लवकर पसरतात आणि उडतात. कोरड्या त्वचेवर टिकतात. रोज उन्हात गाडी चालवणारी आणि एसीत बसणारी यांच्यातही फरक पडतो.

मी माझ्या क्लायंटना एकच सांगते. काम भरून आल्यावर, म्हणजे पहिल्या टचअपनंतर महिन्या-दीड महिन्याने, खिडकीसमोर बसून फोटो काढून ठेवा. सकाळचा उजेड, फ्लॅश बंद, चेहऱ्यावर काही लावलेलं नाही. दर चार-सहा महिन्यांनी त्याच खिडकीत तसाच फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. रोजच्या आरशात उतरलेला रंग कळत नाही, कारण डोळा सरावतो. पार्लरच्या पिवळ्या रिंगलाइटखाली तर कोणाचीही भुवई फिकी दिसते.

मग बघायचं ते आकार. रंग निम्म्यावर आला पण आकार शाबूत असेल तर घाई नाही. आकार तुटला, म्हणजे कमान कुठे संपते तेच कळेना, आणि बाहेर पडताना रोज पेन्सिल हातात घ्यावी लागत असेल, तर वेळ झाली.

आणि रंग अजून दाट असेल तर अजिबात करू नका, कोणी फुकट देत असलं तरी. भिंतीचे पोपडे न खरवडता वरून रंग फासला तर काय होतं, तेच होतं. जुना रंग खाली, नवा वर, रेघा एकमेकींत मिसळून सपाट काळपट पट्टा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या दुरुस्त्या अशा लवकर केलेल्या टचअपच्या असतात.

पेठेतली

रेखाटन, स्कार्फमुळे फरक पडतो का? मी स्कार्फ भुवयांवरूनच घट्ट बांधते. उजवी भुवई लवकर उडालीय आणि गाठ पण उजव्याच बाजूला असते.

रेखाटन

भरून आलेल्या भुवयांचा रंग नुसत्या स्कार्फने उडणार नाही, रंग कातडीच्या आत असतो. पण पहिले दहा-बारा दिवस घट्ट स्कार्फ नकोच. घासून खपली ओढली गेली तर तिच्याबरोबर रंगही जातो. पुण्यात हे मला प्रत्येकीला सांगावं लागतं. तुमची उजवी बाजू खपल्यांच्या दिवसांतच उडाली असणार.

त्वचारंग

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला. रेखाटन यांनी कामाची बाजू छान मांडली आहे, मी वैद्यकीय बाजू लिहितो.

हा रंग त्वचेच्या वरच्या थराच्या लगेच खाली, डर्मिसच्या सुरुवातीला बसवतात. शरीराच्या दृष्टीने तो परका पदार्थ असतो. रंगाचे कण तिथल्या पेशी गिळतात, थोडे थोडे वाहून नेतात, उन्हाने काही कण फुटतात. म्हणून तो उतरतो. यात कोणाचा दोष नसतो. वांगासाठी ट्रेटिनॉइन, किंवा ग्लायकोलिक ॲसिडसारखी क्रीम कपाळावर लावत असाल तर ती भुवयांवर येऊ देऊ नका, रंग लवकर उतरतो. टचअपच्या दोन-तीन आठवडे आधी त्या भागात ती बंद ठेवावीत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर कोर्स संपल्यावर साधारण सहा महिने थांबायला सांगतात.

रंग बदलण्याबद्दल. तपकिरी रंग हे मिश्रण असतं. आयर्न ऑक्साइडच्या मिश्रणात पिवळा आणि काळा आधी उतरला की लाल मागे राहतो, मग भुवई तांबूस दिसते. कार्बनचा काळा रंग जास्त असेल तर उलट, राखाडी-निळसर दिसते. सोनटक्का, तुमचा प्रकार पहिला वाटतो. तांबूस झालेल्यावर तोच तपकिरी पुन्हा भरून उपयोग नसतो, आधी त्याला मारक छटा लागते.

आता महत्त्वाचं. जुन्या, शांत असलेल्या भुवयांत अचानक खाज, गाठी किंवा सूज आली तर टचअपला जाऊ नका, डॉक्टरला दाखवा. रंगाविरुद्ध प्रतिक्रिया वर्षांनंतरही येऊ शकते. कोड, सोरायसिस, लायकेन प्लॅनस असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय करूच नये. चिरेच्या जागी नवा डाग उठू शकतो. केलॉइडचा (जखमेचा व्रण फुगून वाढत जाण्याचा) कल असणाऱ्यांनाही तेच. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना थांबावं.

आणखी एक विचारतो. शेपटाकडचा रंग गेलाय की केस गेलेत? भुवयांचा बाहेरचा तिसरा भाग विरळ होणं हे थायरॉइड कमी असल्याचं एक लक्षण असतं. खाली केस असतील तर रेघा उठून दिसतात. केस गेले की तोच रंग फिका वाटायला लागतो.

सोनटक्का

डॉक्टर, हे वाचून लगेच आरशाशी गेले. शेपटाकडे केस खरंच कमी झालेत, दोन्ही बाजूंना. थायरॉइडची गोळी चालू आहे, पण बऱ्याच महिन्यांत रक्त तपासलेलं नाही. उद्याच टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घेते.

त्वचारंग

करा. आकडा जागेवर नसेल तर आधी गोळीचा डोस ठरू द्या. केस परत येतात तेव्हा सावकाश येतात, तेवढा धीर धरा.

निळाई

शेपटाबद्दल आणखी एक. माझं डावं शेपूट आधी गेलं आणि मी डाव्या कुशीवर झोपते. माझ्या बाईंनी सांगितलं की पहिल्या आठवड्यात कूस सांभाळायची. टचअपनंतर मी उताणी झोपायला लागले तर मुलाने मध्यरात्री उठवून विचारलं, "आई, तुला बरं नाही का?" सकाळी गडद भुवया बघून पुन्हा विचारलं, "माझ्यावर रागावलीस का?" आठवडाभर घरात सगळे माझ्याशी फार गोड वागत होते. 😄

मुंबईकर मावशी

निळाई 😂 हा फायदा कोणी जाहिरातीत लिहीत नाही.

गावशीव

थोडं अवांतर. माझ्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं आणि हातावर तुळशीवृंदावन. लहानपणी गोंदलेलं, म्हातारपणी रेघा पसरून हिरवट-निळ्या झाल्या होत्या. काजळीचा रंग होता म्हणे. डॉक्टरांनी लिहिलेला कार्बनचा राखाडी-निळसर प्रकार हाच का? आजीला कोणी टचअप सुचवला नाही, पण तिला ते गोंदण फार प्रिय होतं. मेल्यावर बरोबर येणारा एवढाच दागिना, असं म्हणायची.

त्वचारंग

हो, तोच. काजळी म्हणजे कार्बन. काळे कण त्वचेत खोल असले की वरून निळसर दिसतात. गोंदण्याची सुई खोल जाते म्हणून ते जन्मभर टिकतं. भुवयांचं काम मुद्दाम उथळ ठेवतात म्हणून उतरतं. ज्यांच्या भुवया 'दहा वर्षं झाली तरी गेल्या नाहीत' त्यांचं काम बहुधा खोल गेलेलं असतं, आणि बहुतेक निळसर झालेलं असतं.

पुन्हा उभी

मी सहसा फक्त वाचते, पण या विषयावर लिहावंसं वाटलं.

किमोमध्ये माझ्या भुवया गेल्या. डोक्यावरचे केस जातील याची तयारी होती. भुवया गेल्यावर चेहराच ओळखू येईना, ते मला जास्त लागलं. उपचार संपल्यावर, रक्ताचे रिपोर्ट नीट आल्यावर, ऑन्कॉलॉजिस्टच्या लेखी परवानगीने मशीनचं हलकं शेडिंग करून घेतलं. त्या बाईंनी आधी दोरा ताणून, पेन्सिलने आखून, माझ्या जुन्या फोटोशी तीनतीनदा पडताळलं आणि मगच सुई लावली. आखणी झाल्यावर त्यांनी आरसा दिला, तेव्हा किती तरी दिवसांनी मी स्वतःकडे नीट पाहिलं.

टचअपचं म्हणाल तर मी घाई केली नाही आणि ते फार बरं झालं. काही महिन्यांनी माझे स्वतःचे केस यायला लागले, पण आधीच्या ओळीत नाही, थोडे वर. टचअप लगेच केला असता तर रंग एका जागी आणि केस दुसऱ्या जागी झाले असते. आता केस स्थिरावल्यावर त्यांच्या रेषेत थोडंसं भरून घेतलं. अशा आजारातून उठलेल्या बायकांनी आधी केसांना त्यांची जागा घेऊ द्यावी, एवढंच सांगायचं आहे.

अजून एक, एमआरआयच्या आधी तिथल्या तंत्रज्ञाला भुवयांत रंग आहे हे जरूर सांगा. आयर्न ऑक्साइडमुळे क्वचित चुरचुरतं किंवा सूज येते. म्हणून एमआरआय टाळायचा नाही, फक्त त्यांना माहीत हवं. मला किंचित गरम लागलं, बाकी काही नाही.

अबोली

पुन्हा उभी, तुमचं नाव किती समर्पक आहे. लिहिलंत म्हणून मनापासून आभार.

सोनटक्का

अगदी हेच. ताई, खूप खूप शुभेच्छा.

माळरान

धाग्यावर भुवया करून घेतलेला एकटाच पुरुष दिसतोय मी. मला चाई आहे, डावी भुवई अर्धी गेली होती. ऑफिसात लोक बोलताना डोळ्यांत बघायचे सोडून भुवईकडे बघायचे. सोलापुरात त्वचारोगतज्ज्ञांना विचारून, चट्टा वर्षभर वाढला नाही हे बघून, बारीक रेघा काढून घेतल्या. पुरुषांना मी सांगेन की टचअपला जाताना 'थोडं दाट करा' म्हणू नका. माझ्या ओळखीच्या एकाने म्हटलं आणि आता त्याच्या भुवया नाटकाच्या रंगभूषेसारख्या दिसतात. तो बिचारा आता लेझरसाठी चकरा मारतोय.

पेठेतली

लेझरने सगळं जातं का? म्हणजे टचअप बिघडला तर पुसून टाकता येतो का, असं विचारतेय.

त्वचारंग

काळा, राखाडी रंग क्यू-स्विच्ड लेझरने बऱ्यापैकी जातो, पण दोन-चार बैठका लागतात. लालसर, तपकिरी, किंवा टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेला फिका रंग लेझर लागताच काळा पडू शकतो. म्हणून आधी कडेच्या एका टिपक्यावर चाचणी घेतल्याशिवाय पूर्ण भुवईवर लेझर मारू देऊ नका. हे पार्लरमध्ये करायचं काम नाही.

दुरुस्तीसाठी वापरलेल्या फिक्या 'स्किन कलर'मध्ये हा टायटॅनियम असतोच. चुकलेली रेघ झाकायला तो भरून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

रेखाटन

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. मी स्किन कलर वापरणं कधीच बंद केलं. तो काही महिन्यांत पिवळट ठिपक्यासारखा दिसायला लागतो.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहते. इथे युरोपीय संघाचा नियम ४ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, टॅटू आणि परमनंट मेकअप या दोन्हींच्या रंगांतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आली. त्यामुळे माझा मूळ रंग मिळेना आणि टचअप वेगळ्या कंपनीच्या रंगाने करावा लागला. छटा जुळायला दोन बैठका गेल्या. भारतात करून इकडे येणाऱ्यांनी किंवा उलट जाणाऱ्यांनी एक करा, मूळ कामाच्या वेळी बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. कंपनी, छटेचं नाव, बॅच नंबर. पुढे ॲलर्जी आली तरी डॉक्टरला तोच फोटो उपयोगी पडतो.

सोनटक्का

हे मी आजवर कोणाकडून ऐकलं नव्हतं. पार्लरला विचारते. तांबूस झालेला रंग कोणता होता ते तरी कळेल.

किनारा

म्हापशाहून. मी रोज पोहते, कधी तलाव तर कधी समुद्र. माझ्या भुवया वर्षभरात निम्म्या उतरतात. क्लोरीन आणि ऊन दोन्ही. सनस्क्रीन भुवयांवर लावायला लागल्यापासून बराच फरक पडला. लोक सनस्क्रीन कपाळाला लावतात आणि भुवया सोडून देतात. काम ताजं असताना मात्र पोहणं पूर्ण बंद, निदान दोन आठवडे.

मुंबईकर मावशी

आता सोनटक्काच्या लग्नाचं बघू या का? ती तारीख विचारतेय आणि आपण म्हापशाला पोहोचलो.

सध्या श्रावण चालू आहे. गणपतीत करू नकोस बाई. उकडीच्या मोदकांची वाफ, घाम, पाहुण्यांची वर्दळ. ताज्या भुवयांना वाफ चालत नाही. गणपती गेले की लगेच पितृपक्ष. भाद्रपद पौर्णिमेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत जवळपास आठ आठवडे मिळतात. पार्लरही तेव्हा रिकामी असतात, तुला घाई न करता वेळ देतील. खपल्या नवरात्राच्या आत निघून जातील.

निळाई

मावशी, पितृपक्षात नवं काही करत नाहीत ना?

मुंबईकर मावशी

नवं कुठे आहे? जुन्याची डागडुजी आहे. 😄

रेखाटन

मावशींचं वेळापत्रक मला पटलं. त्यात एवढंच घालते की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रंग जवळजवळ गायब झाल्यासारखा वाटतो. वर नवी कातडी येत असते म्हणून. तेव्हा घाबरून फोन येतात, 'सगळं उडालं, पुन्हा करा'. चार ते सहा आठवड्यांत तो परत वर दिसतो. त्याआधी पुन्हा हात लावू देऊ नका. लग्नाच्या आठवडाभर आधी टचअप करणाऱ्यांची हळदीत फार पंचाईत होते, ओल्या खपल्यांवर हळद आली की संपलं.

सोनटक्का, तुमच्या बाबतीत माझं मत विचाराल तर नाकाकडची बाजू भरलेली आहे, तिला सुई लावू देऊ नका. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. थायरॉइड जागेवर असेल आणि शेपूट तरीही पुसट असेल, तर फक्त शेपटाचं भरून घ्या आणि तांबूसपणाला मारक छटा मागा. 'पूर्ण पॅकेजच घ्यावं लागेल' म्हणाले तर दुसरीकडे दाखवा. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली पाहिजे, हेही बघा.

सोनटक्का

रिपोर्ट आला. टीएसएच वाढलेला आहे, डॉक्टरांनी गोळी वाढवलीय आणि सहा आठवड्यांनी परत तपासायला सांगितलंय. म्हणजे पितृपक्षात करायचं का, की तेही थांबवायचं?

त्वचारंग

डोस बसेपर्यंत थांबा, असं मी म्हणेन. सहा आठवड्यांत रिपोर्ट सुधारला तरी केस दिसायला काही महिने जातात. लग्नाला शेपटापुरती पेन्सिल लावा. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

अबोली

वॉटरप्रूफ घे, नाचशील तेव्हा घाम येतो. मी छटा सुचवते, फोटो पाठव.

गावशीव

जाता जाता एक शंका. आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर गणपतीत असतं. टचअप केलेल्यांना चालतं का? गेल्या वर्षी एका वहिनींना परत पाठवलं होतं.

त्वचारंग

बरोबर पाठवलं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या नियमांप्रमाणे टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही, आणि भुवयांचं कामही त्यातच धरतात. प्रत्येक टचअपपासून ते वर्ष नव्याने मोजायचं.

पेठेतली

म्हणजे दर वर्षी टचअप करणारीला रक्त देताच येणार नाही!

अबोली

हे मात्र मला खरंच लागलं. लग्नाआधी मी दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचे. शेवटचा टचअप गेल्या माघात झालाय, आता पुढचा करणार नाही. माघ उलटला की पहिल्या शिबिरात जाते.

गावशीव

अबोली, ठाण्या-कल्याणच्या बाजूला असाल तर आमचं दुसरं शिबिर शिवजयंतीला असतं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.